कडूबाईंच्या गाडीचे स्पीकर

पूर्णेत नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याला बन्सीधरचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांचं वायरिंग, हॉर्न, दिवे अशी सगळी कामं तो करायचा, पण लोक त्याच्याकडं यायचे ते स्पीकरसाठी. भंगारात गेलेल्या सामानातून तो असा आवाज काढायचा की जिंतूर-वसमतचे ड्रायव्हरसुद्धा गाडी घेऊन यायचे. स्पीकरच्या फाटलेल्या कागदी कोनला कापडाची कड लावायची, जळलेली कॉइल उलगडून पुन्हा गुंडाळायची, एकाचं लोहचुंबक दुसऱ्याला बसवायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी त्यानं चौदा वर्षं लग्नाच्या वरातीत स्पीकरच्या भिंती उभ्या केल्या होत्या. त्या भिंतीच्या शेजारी उभं राहून, गर्दीत, धुळीत, त्याचा हात बसला. आता तो त्रेपन्न वर्षांचा होता.

होळी होऊन आठवडा झाला असेल. गोपाळ आपली जुनी पांढरी गाडी घेऊन आला. गोपाळचं घर त्याच रस्त्याला पूर्णेपासून दोन कोसांवरच्या गावात होतं. वडलांच्या मागं शेळ्या-मेंढ्या, चार एकर रान आणि आई कडूबाई असं सगळं त्याच्याकडं आलेलं. वर्षाभरापासून कडूबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी तो त्यांना परभणीला डायलिसिसला न्यायचा. एसटीनं नेणं झेपेना, म्हणून मागच्या दिवाळीत त्यानं ही गाडी घेतली होती.

"काका, आईला गाडीत भजन ऐकायचंय," गोपाळ म्हणाला. "तिच्या मंडळाचंच. ती आजारी पडायच्या आधी म्या सप्त्यात मोबाइलवर भरून घेतलं होतं. पण ह्या स्पीकरातून नुसती भुणभुण यायलीय. डावीकडचा तर मेलाच हाय."

कडूबाई गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात तीस वर्षं टाळ वाजवत होत्या. डायलिसिससाठी डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या हातावर भार द्यायचा नाही असं सांगितलं गेलं, तेव्हापासून टाळ खुंटीला होते.

"जाताना ती बरी असते," गोपाळ सांगत होता. "येताना पिळलेल्या फडक्यासारखी पडून असते. दीड तास एक शब्द न्हाई. म्हणली, निदान आपल्या बायांचा आवाज तरी लाव."

बन्सीधरनं दाराचं पॅड काढलं. आत कंपनीचे पातळ कागदी स्पीकर होते. एकाची कड पावसाच्या पाण्यानं कुजून गळाली होती, दुसऱ्यात उंदरानं घर केलं होतं.

"गाडी दोन दिवस ठेव," तो म्हणाला. "मावशीसाठी करायचं तर नीट करू."

त्याच्याकडं एक जोडी होती. स्टेशनच्या मागच्या भंगाराच्या वाड्यात सहा महिन्यांपूर्वी एक मोठी गाडी आली होती. पुढून चेपून अर्धी झालेली, पण मागची दोन्ही दारं शाबूत. त्या दारांतले स्पीकर त्यानं स्वतः उतरवून आणले होते. जड चुंबक, रबरी कड, कोनावर ओरखडासुद्धा नाही. चांगली गाडी मिळाल्याशिवाय ते बसवायचे नाहीत म्हणून त्यानं ते पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवले होते.

ते गोपाळच्या गाडीच्या भोकांपेक्षा मोठे आणि खोल निघाले. बन्सीधरनं मोडक्या दिवाणाच्या प्लायवूडमधून दोन गोल कड्या कापल्या, त्यांना तेलरंग दिला आणि त्यावर स्पीकर पुढं आणून बसवले, म्हणजे काच खाली करताना चुंबकाला घासणार नाही. दाराच्या पत्र्याला आतून डांबरी शीट चिकटवली. आधी ते दार वाजवलं की रिकाम्या डब्यासारखं वाजायचं, आता ठप्प असा आवाज येऊ लागला. बारीक आवाजासाठी कुणीतरी टाकून दिलेल्या टीव्हीच्या खोक्यातले दोन छोटे स्पीकर काढून त्यानं आरशाजवळच्या कोपऱ्यात बसवले. शेवटी घड्याळाचा सेल लावून दोन्ही कोन एकाच दिशेला उचलतात का ते बघितलं. सगळं बरोबर होतं.

मग तो ड्रायव्हरच्या जागी बसला आणि त्यानं गोपाळनं दिलेला पेनड्राइव्ह लावला.

मृदंग आला. छातीत बसेल असा आला. बायकांचा आवाज आला, भरलेला, एकत्र. पण टाळ येत नव्हते. दहा-बारा बायका टाळ वाजवत असताना ते मागं कुठंतरी दडपल्यासारखे वाटत होते. बन्सीधर उतरला, छोट्या स्पीकरांना लावलेला, आवाज दाबणारा रेझिस्टर त्यानं काढून टाकला. पुन्हा ऐकलं. थोडा फरक पडला. त्यानं कपॅसिटर बदलला. टेपचा ट्रेबल शेवटपर्यंत नेला. टीव्हीतले स्पीकरच हलके आहेत असं वाटून त्यानं दुसरे लावून बघितले.

त्याची बायको कुसुमबाई चहा घेऊन आली, ती दाराशीच थांबली आणि तिनं एक कान खांद्याला टेकवला.

"अहो, केवढं चिरकायलंय ते! बंद करा की."

"तुला काय कळतंय त्यातलं," बन्सीधर म्हणाला. "टाळ उठायला नगं का?"

ती काही बोलली. काय ते त्याला कळलं नाही. तो पुन्हा दारात वाकला होता.

गोपाळ गाडी घेऊन गेला, सोमवारी परभणीला जाऊन आला, आणि मंगळवारी दुपारी पुन्हा दुकानासमोर उभा राहिला. शेजारच्या सीटवर कडूबाई बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, चेहरा सुजलेला, मनगटाच्या वरची शीर दोरीसारखी फुगून आलेली.

"काका, आवाज लय मोठा झालाय, पण आईला सोसंना," गोपाळ ओशाळून म्हणाला. "म्हणली, मलाच घेऊन चल, म्या सांगते काय होतंय ते."

"तू पुढच्या चाकात हवा भरून घे जा," कडूबाई म्हणाल्या. "म्या बसते इथं."

"चाक काढून न्यावं लागंल आई, पंक्चर हाय."

"मंग काढून ने."

गोपाळ चाक घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानाकडं गेला. कडूबाईंनी बन्सीधरला ड्रायव्हरच्या जागी बसायला सांगितलं.

"हे माझे टाळ हायेत, बन्सीधर. कांशाचे. ते असे वाजत न्हाईत. पत्र्यावर कुणी खडे टाकल्यासारखं वाजायलंय. कानात टोचतंय. काल हॉस्पिटलातून येताना म्या गोपाळला बंद कर म्हणले."

"मावशी, मला तर ते अजून कमीच वाटायलेत," बन्सीधर म्हणाला. "अजून थोडे वर यायला पायजेत."

कडूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लाव."

त्यानं भजन लावलं. मृदंग सुरू झाला, बायकांनी उचललं. बन्सीधर डोळे मिटून ताल धरत होता. बराच वेळ गेला. त्यानं डोळे उघडले तेव्हा कडूबाई समोर रस्त्याकडं बघत नव्हत्या, त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

"टाळ वाजायलेत का?" त्यांनी विचारलं.

"हां. वाजायलेत की."

"न्हाई. टाळ थांबले. ह्या जागी आमी टाळ खाली ठेवतो, सुंदराबाई एकटी म्हणते. थांबून किती वेळ झाला रं."

त्यानं हात पुढं करून आवाज वाढवला. एकटी बाई म्हणत होती, ते त्याला आता कळलं. मग पुन्हा सगळ्या बायका आल्या. टाळही आले असतील. कडूबाईंनी मान हलवली तेव्हा ते आले असं त्यानं धरलं.

"स्पीकरला काय झालं न्हाई," कडूबाई म्हणाल्या. त्यांनी ते हळू म्हटलं नाही. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"मावशी, म्या गोपाळसमोर..."

"त्याला म्या सांगणार न्हाई. तुझं तू सांगशील. पण कुणाला तरी सांग. आता हे बरोबर कर. म्या सांगते तसं कर."

मग पाऊण तास ते काम चाललं. बन्सीधरनं आधी काढून टाकलेले रेझिस्टर पुन्हा जोडले. कडूबाई ऐकायच्या, उजव्या हाताची बोटं खाली करायच्या, म्हणजे अजून कमी. तो सोल्डरचा डाग तोडायचा, दुसरा रेझिस्टर जोडायचा, पुन्हा लावायचा. त्याला प्रत्येक वेळी सारखंच ऐकू येत होतं. दुकान काढल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या बोटाकडं बघून काम करत होता. उन्हानं गाडी तापली होती, कडूबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पण त्यांनी पाणी मागितलं नाही. दिवसाचं पाणी मोजून ठरलेलं होतं आणि ते त्यांनी सकाळीच संपवलं होतं.

एका वेळी त्यांची बोटं खाली आली नाहीत. त्या तशाच बसून राहिल्या. मग ओठ हलायला लागले, आणि उजवा हात मांडीवर, टाळ धरल्यासारखा, हलू लागला. डावा हात मात्र त्यांनी तसाच पदराखाली ठेवला होता.

"आता हाय," त्या म्हणाल्या. "आता माझ्या बाया हायेत."

गोपाळ चाक घेऊन आला आणि भजन ऐकून हसला. "आता कसं! काका, तुमच्यासारखा कान कुणाचा न्हाई."

बन्सीधरनं पान्हा घेतला आणि चाकाचे नट आवळायला बसला.

पुढच्या आठवड्यात तो सामान आणायला जातो असं घरी सांगून परभणीला गेला. स्टेशनवरून रिक्षा करून कानाच्या दवाखान्यात. एका मुलीनं त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. "काका, आवाज आला की दाबायचं. कितीही हळू आला तरी दाबा." सुरुवातीला जाड आवाज आले, त्यानं दाबलं. मग सगळं शांत झालं. तो अंगठा बटणावर ठेवून वाट बघत राहिला. पुढचा भाग अजून सुरू झाला नसेल असं त्याला वाटलं. बऱ्याच वेळानं मुलीनं दार उघडलं.

"झालं, काका."

कागदावर एक रेष होती. डावीकडं ती वर होती आणि उजवीकडं जाता जाता विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. डॉक्टर तरुण होता, नीट समजावून सांगत होता. मोठ्या आवाजात फार वर्षं काढली की असं होतं. बारीक, शिट्टीसारखे टोकदार आवाज आधी जातात. गेलेलं परत येत नाही. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं बरंचसं कळेल.

"आणि गाणं?" बन्सीधरनं विचारलं.

डॉक्टरनं कागद त्याच्याकडं सरकवला. "ऐकू येईल. पण पूर्वीसारखं नाही."

त्यानं कागदाची चौघडी करून खिशात ठेवली. घरी त्यानं कुसुमबाईला काही सांगितलं नाही. सांगायचं होतं. रोज संध्याकाळी जेवताना ते तोंडाशी यायचं, आणि मग वाटायचं, एकदा बोललो की दुकानात जाऊन पुन्हा कुणाच्या गाडीत बसता येणार नाही. स्पीकर हेच त्याचं नाव होतं. लोक त्याला स्पीकरवाला बन्सीधर म्हणूनच ओळखायचे.

सोमवारी आणि गुरुवारी गोपाळची गाडी दुकानासमोरून जायची. कडूबाई काच खाली करायला लावायच्या.

"सांगितलंस का?"

"सांगतो, मावशी."

"तुमी दोघं काय बोलायलाव?" गोपाळ विचारायचा.

"आमचं हाय काहीतरी," कडूबाई म्हणायच्या.

एप्रिल तापला तशा त्या खंगत गेल्या. एका गुरुवारी गाडी थांबली तेव्हा त्या पुढच्या सीटवर नव्हत्या. मागं आडव्या झोपल्या होत्या, उशाला गोधडीची घडी. गोपाळ म्हणाला, "आता बसवंना तिला. मागं आवाज नीट पोचत न्हाई म्हणती. मागच्या दारात काय करता येतंय का?"

आईला घरी सोडून संध्याकाळी गोपाळनं गाडी आणून ठेवली आणि बन्सीधरनं लगेच काम सुरू केलं. भंगारातून आणलेली लहान जोडी होती, ती मागच्या दारांत बसवली. वायर कार्पेटखालून काढली. शनिवारी त्यानं गाडी घेऊन त्यांच्या गावी जाऊन कडूबाईंना त्यात झोपवून भजन लावलं. त्यांच्या बोटांकडं तो बघत राहिला. बोटं गोधडीवर पडून होती. खाली नाही, वर नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"मावशी, बरोबर हाय का?"

ओठ हलले. त्याला काही ऐकू आलं नाही. तो गोपाळकडं वळला.

"बरं हाय म्हणली," गोपाळ म्हणाला.

पण आवाज बरा आहे असं म्हणाल्या, की मी बरी आहे असं म्हणाल्या, की नुसतं जाऊ दे म्हणाल्या, हे त्याला कळलं नाही, आणि गोपाळला पुन्हा विचारायची त्याला लाज वाटली. तिथंच, अंगणात, शेळ्यांच्या कळपाशेजारी उभं राहून त्यानं गोपाळला सगळं सांगायला हवं होतं. त्यानं अवजारं पिशवीत भरली आणि तो निघाला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, गोपाळचा फोन आला. बन्सीधर दुकान बंद करत होता. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती.

"काका, आई गेली," गोपाळ म्हणाला. एवढं त्याला कळलं. पुढं गोपाळ रडत होता आणि बोलत होता. थोरली बहीण सेलूवरून निघाली आहे, ती पोचली की सकाळी, उन्हाच्या आत न्यायचं. बन्सीधरनं वेळ विचारली. गोपाळनं सांगितली. त्यानं ती पुन्हा विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आठला दहा मिनिटं कमी असताना गावात पोचला. घरासमोर मांडव नव्हता, माणसं नव्हती. अंगणात बायका बसल्या होत्या आणि एक बाई ओट्यावर पाणी टाकत होती. तिनं हातानं ओढ्याकडं दाखवलं. बन्सीधर तिकडं जवळजवळ पळतच गेला. वाटेतच माणसं परत येताना दिसली, ओल्या कपड्यांनी, खाली मान घालून. सगळ्यांच्या मागं गोपाळ होता. डोकं भादरलेलं.

बन्सीधर त्याच्यासमोर उभा राहिला. लांब ओढ्याच्या काठावर धूर सरळ वर जात होता.

"तुमची वाट बघितली," गोपाळ म्हणाला. "लोक म्हणले ऊन व्हायलंय, उचला. म्या पाव तास थांबवलं सगळ्यांला."

"तू आठ म्हणला होतास ना?"

"म्या सात म्हणलो, काका. दोन डाव म्हणलो."

गोपाळच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. बन्सीधरला तिथं उभं राहवेना. वाटेच्या कडेला बाभळीखाली तो बसला. गोपाळ क्षणभर थांबला, मग त्याच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"मला ऐकू येत न्हाई, गोपाळ," बन्सीधर म्हणाला. "सात काय, आठ काय. बारीक आवाज सगळे गेलेत. तुझ्या गाडीचं काम म्या केलंच न्हाई. तुझ्या आईनं ऐकलं, तिनं सांगितलं तसं म्या वायर जोडत गेलो."

"आईला माहीत होतं?"

"तिनंच तर ओळखलं. मलासुद्धा माहीत नव्हतं."

"आणि मागच्या दारातलं?"

बन्सीधरनं मान खाली घातली. "ते कसं वाजायलंय, मला म्हाईत न्हाई."

गोपाळनं जमिनीवरची एक काटकी उचलली आणि मोडली. "तिला शेवटच्या तीन खेपांत तेच लावून नेलं म्या," तो म्हणाला. वाईट वाजत होतं की चांगलं, हे बन्सीधरनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी गोपाळला हाक मारली असावी, कारण तो एकदम उठून घराकडं चालू लागला.

त्या दिवशी बन्सीधर घरी आला, त्यानं अंघोळ केली आणि ओल्या अंगानंच येऊन दवाखान्याचा कागद कुसुमबाईच्या समोर ठेवला. घड्यांवर तो फाटायला आला होता. तिनं तो उलगडला, ती खाली गेलेली रेष बघितली. तिला ते वाचता येत नव्हतं, पण तिनं काही विचारलं नाही.

"तुला म्हाईत होतं?" त्यानं विचारलं.

"म्या तीन वर्षांपासून वरडून बोलायलेय," कुसुमबाई म्हणाली. "शेजारच्या बायांला वाटतं आमच्यात रोज भांडण. तुमाला बी तेच वाटलं. तुमी म्हणायचे, तू लय चिडकी झालीस."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं. तुमाला ऐकू गेलं न्हाई."

ती हे हसून म्हणाली नव्हती. तिनं कागद पुन्हा चौघडी करून त्याच्या हातात दिला आणि ती आत जाऊन रडली. ते त्याला ऐकू आलं नाही. ती बाहेर आली तेव्हा डोळ्यांवरून कळलं.

जूनमध्ये त्यानं फळीवरचे सगळे स्पीकर, चुंबकं, कोन, कॉइलच्या तारा पोत्यांत भरून भंगाराच्या वाड्यात परत नेऊन टाकल्या. वायरिंग आणि दिव्यांची कामं ठेवली. स्पीकरसाठी कुणी आलं तर तो सरळ सांगतो, मला ऐकू येत नाही, नांदेडला जा. काही जणांना तो थट्टा करतोय असं वाटतं. कानाला मशीन लावलं आहे. त्यातून भांड्यांचा आवाज मोठा येतो आणि माणसांचा पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा, म्हणून जेवताना तो ते काढून ठेवतो. तेव्हा कुसुमबाई आपलं ताट घेऊन त्याच्या समोर, अगदी तोंडासमोर येऊन बसते आणि हळू बोलते, ओठ दिसतील असं. बरंच तरीही सुटतं. जे सुटतं ते ती पुन्हा सांगते, कधी कधी सांगत नाही.

गोपाळची गाडी अजूनही सोमवारी आणि गुरुवारी त्या रस्त्यानं जाते. आसपासच्या गावांतले दोन पेशंट तो आता परभणीला नेतो. बन्सीधर दुकानातून हात वर करतो. गोपाळही करतो, पण थांबत नाही. काचा वर असतात. आत काही लावलं आहे की नाही, ते बाहेरून कळत नाही.